ईआरपीला कॅलडॅव्ह जोडतेय – अकराची भेट फोनवर १०:३७ ला का दिसते?

हिंगणा_रोड

नमस्कार मंडळी. लांबलचक लिहिणार आहे, चहा घेऊन बसा.

आमची कंपनी एसी आणि जनरेटरच्या एएमसी (वार्षिक देखभालीची कंत्राटं) घेते. ऑफिस हिंगणा एमआयडीसीत, गिऱ्हाईकं बुटीबोरीपासून कामठीपर्यंत, टेक्निशियन अकरा. सगळा कारभार ईआरपीनेक्स्टवर (ईआरपी म्हणजे कंपनीचे हिशोब आणि कामं एकत्र ठेवणारी सिस्टीम), तेही आमच्याच ऑफिसातल्या मशीनवर बसवलेलं. मी मूळची अकाउंट्सची. ‘कॉम्प्युटरचं तिला विचारा’ करत करत सिस्टीम गळ्यात पडली, आणि पायथन इथेच ठेचा खात शिकले.

अडचण अशी. कोणाकडे कधी सर्व्हिसिंगला जायचं हे ईआरपीत व्यवस्थित बनतं. ‘सर्व्हिस भेट’ नावाचा डॉक्टाइप (ईआरपीतला नोंदीचा प्रकार) आम्हीच केलाय. पण टेक्निशियन ईआरपी उघडतच नाही. मे महिन्यात ४५ अंशात गच्चीवर आउटडोअर युनिट उघडून बसलेला माणूस घामाच्या बोटांनी लॉगिन करणार आहे का? मग संध्याकाळी सुपरवायझर फळ्यावर लिहितात, फळ्याचा फोटो व्हॉट्सॲपवर जातो, सकाळी दोन फोन येतात, फळा बदलतो, फोटो तोच राहतो. गेल्या महिन्यात एकाच जनरेटरपाशी आमचीच दोन माणसं भेटली.

म्हणून ठरवलं की भेटी फोनच्या कॅलेंडरमध्येच दिसल्या पाहिजेत. गूगल कॅलेंडरची जोडणी फ्रॅपेत (ईआरपीनेक्स्ट ज्यावर उभं आहे ते) आहे, पण त्यात प्रत्येकाचं खाजगी जीमेल जोडावं लागतं आणि गिऱ्हाइकांचे पत्ते तिकडे जाऊ द्यायला साहेब तयार नाहीत. तेव्हा आपलाच कॅलेंडर सर्व्हर, कॅलडॅव्ह बोलणारा. रॅडिकेल बसवला. पायथनमधला आहे, डेटाबेस लागत नाही, प्रत्येक भेटीची एक आयसीएस (कॅलेंडर नोंदीची) फाइल साध्या फोल्डरात पडते. ५२३२ पोर्टवर चालतो. फोल्डरला गिट लावता येतं, म्हणजे कोणी काय उडवलं ते दिसतं. हे मला फार आवडलं.

ज्यांना कॅलडॅव्ह माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. फोन आणि कॅलेंडर सर्व्हर यांची ही बोलायची भाषा. वेबच्याच एचटीटीपीवर वेबडॅव्ह, म्हणजे फायली ठेवा-काढा-बघा, आणि त्यावर कॅलेंडरची समज. आरएफसी ४७९१ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा कागद), २००७ सालचं. भेट ठेवायची तर पुट, ‘या आठवड्यातलं दे’ म्हणायचं तर रिपोर्ट. फाइलीच्या आतला मजकूर आयकॅलेंडरचा, तो आरएफसी ५५४५, २००९.

ईआरपीतून भेट सबमिट झाली की हुकमधून (अशा वेळी आपोआप चालणारा कोड) आयसीएस बनवून रॅडिकेलवर पुट करते. जातंय. पण सकाळी ११:०० ची भेट फोनवर १०:३७ ला दिसते! पाच तास किंवा साडेपाच तास इकडे-तिकडे झालं असतं तर समजले असते. तेवीस मिनिटं कुठून आली?

दुसरं, फोनवरून टेक्निशियनने बदल केला तर तो ईआरपीत परत घ्यावा का? आणि तिसरं, आमच्या पुण्याच्या सल्लागाराचं म्हणणं आहे की वेगळा सर्व्हर कशाला, ईआरपीलाच कॅलडॅव्ह बोलायला शिकवा. तुम्ही काय म्हणता?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, तेवीस मिनिटं म्हटल्याबरोबर वास आला मले. पायटीझेड (पायथनची टाइमझोनची लायब्ररी) वापरून रायली ना तू? आणि तारीख बनवतानाच टाइमझोन म्हणून आशिया/कोलकाता थेट आत टाकलं असशील.

असं काहून होते ते सांगतो. पायटीझेडच्या त्या झोनपाशी कोलकात्याचे सगळे जुने-नवे फरक आहेत. त्यातला सगळ्यात पहिला म्हणजे कोलकात्याची सूर्याची स्थानिक वेळ, ग्रीनिचच्या पुढे पाच तास त्रेपन्न मिनिटं. थेट चिकटवलं की ते बुवा तोच पहिला उचलते. म्हणजे तुयी अकराची भेट ११:०० वजा ५:५३, अशी यूटीसीत (ग्रीनिचच्या वेळेत) ५:०७ ले गेली. फोन भारताचे साडेपाच तास मिळवते. झाले १०:३७.

आयसीएस उघडून पाय, डीटीस्टार्टमध्ये (सुरुवातीची वेळ) ०५०७०० आणि पुढे झेड असंन. त्याच लायब्ररीतलं लोकलाइज वापर, नाहीतर पायटीझेड सोड आणि झोनइन्फो घे, पायथन ३.९ पासून सोबतच येते.

हिंगणा_रोड

०५०७००झेड. अगदी हेच आहे. बाप्पा!! दोन दिवस मी सर्व्हरचं घड्याळ तपासत होते.

रामदासपेठकर

अवांतर: भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची, मिर्झापूरजवळून जाते ती रेघ. १९०६ पासून. नागपूर ७९ अंशाच्या आसपास, म्हणजे आपला सूर्य प्रमाणवेळेच्या सुमारे चौदा मिनिटं मागे. कोलकात्याऐवजी आशिया/नागपूर असा झोन असता तर ताईंची भेट ११:१४ ला दिसली असती आणि टेक्निशियन खूश झाले असते.

कामठीवाला

एवढा कॅलडॅव्हचा घाट कशाला? ईआरपीतून प्रत्येक टेक्निशियनसाठी एक आयसीएस लिंक काढा, फोनच्या कॅलेंडरमध्ये सबस्क्राइब करा. पन्नास ओळींचं काम.

हिंगणा_रोड

@कामठीवाला, भाऊ, आधी तेच केलं होतं. लिंक किती वेळाने पुन्हा वाचायची ते समोरचं ॲप ठरवतं, आपण नाही. गूगल कॅलेंडर कित्येक तास घेतं. सकाळी सातला बदललेली भेट संध्याकाळी दिसली, तेव्हा पोरगा वाडीहून परत आला होता, चिडून.

मेथीचा_गोळा

फळ्याचा फोटोच बरा की. ह.घ्या.

जुना_खिळा

सल्लागारांचा मुद्दा आधी घेतो, कारण या वाटेने लोक गेलेले आहेत. ओपनईआरपीच्या ६ च्या काळात कॅलडॅव्हचं मॉड्यूल आतच होतं. ट्रायटनमध्येही होतं. पुढे दोन्हीतून ते गेलं. दिसायला काम छोटं वाटतं. गेट आणि पोस्टवर चाललेल्या वेब ॲपला प्रॉपफाइंड, रिपोर्ट, एमकेकॅलेंडर अशी क्रियापदं शिकवायची, एवढंच. प्रत्यक्षात प्रत्येक फोन आणि प्रत्येक डेस्कटॉप ॲप तेच वेगळ्या लकबीत विचारतं. आयफोन पत्ता शोधायला आधी वेलनोन/कॅलडॅव्हवर येतो (आरएफसी ६७६४), थंडरबर्डचं निराळं, अँड्रॉइडच्या डॅव्हएक्स-फाइव्हचं निराळं. हे सांभाळणं म्हणजे कायमची नोकरी. ज्यांनी ती धरली आहे, रॅडिकेल असो, बायकल असो, नेक्स्टक्लाउड असो, त्यांना करू द्या. तुमचं ईआरपी त्यांच्याकडे ग्राहक म्हणून जाऊ दे, फोन जातो तसंच. पायथनला ‘कॅलडॅव्ह’ नावाचीच लायब्ररी आहे.

सर्व्हर बाहेर ठेवण्याचा आणखी एक फायदा. ईआरपी अपग्रेडसाठी बंद असलं तरी सकाळच्या भेटी फोनवर येत राहतात.

आता परत घेण्याचा प्रश्न. इथे घाई करू नका. मला आधी हे सांगा, की टेक्निशियनने फोनवर भेट सोमवारवरून मंगळवारवर सरकवली, तर तुमच्याकडे ते चालतं का? गिऱ्हाइकाला कोण कळवतं? कोड नंतर.

हिंगणा_रोड

चालत नाही. तारीख गिऱ्हाइकाशी बोलून सुपरवायझरच बदलतात. पण ‘पार्ट आला नाही, उद्या परत यावं लागेल’ हे टेक्निशियनलाच आधी कळतं, आणि ते तो फोनवर लिहील तर सोन्याहून पिवळं.

कबूल करते, मी उत्साहात दोन्हीकडचं सिंक आधीच लावून बघितलं. शुक्रवारी संध्याकाळी सातला चालू करून घरी गेले. शनिवारी सकाळी येऊन गिट लॉग बघितला तर एकाच भेटीचे सातशेवर कमिट (बदलांच्या नोंदी). एकच भेट! धरमपेठेतल्या एका दवाखान्याचा दीड टनाचा एसी, रात्रभर दर मिनिटाला जाऊन येत होता.

वऱ्हाडी_ठेचा

😂 मीटर टाकून पाठवायचा होता त्याले.

जुना_खिळा

हा प्रतिध्वनी आहे, प्रत्येकाला एकदा ऐकू येतो. ईआरपीने पुट केलं, सर्व्हरवर फाइलीचा ईटॅग (आवृत्तीची खूण) बदलला. मिनिटाने तुमचा शेड्युलर बघतो, ईटॅग नवा, म्हणजे कोणीतरी बदल केला! तो दस्तऐवज सेव्ह करतो, सेव्हचा हुक सुटतो, हुक पुन्हा पुट करतो. डीटीस्टॅम्पमध्ये नवीन वेळ पडते, म्हणून ईटॅग पुन्हा नवा.

आपण पुट केल्यावर सर्व्हर जो ईटॅग देतो तो लगेच जपून ठेवा, म्हणजे पुढच्या फेरीत आपलाच हात ओळखू येईल. काही सर्व्हर तो देत नाहीत, तेव्हा फाइल परत वाचून घ्या. सर्व्हरकडून आलेला बदल सेव्ह करताना दस्तऐवजाच्या फ्लॅग्जमध्ये खूण करा आणि हुकात ती खूण दिसली की मागे फिरा. आणि पाठवण्याआधी विषय, वेळ, जागा, माणूस एवढ्यांचाच हॅश (मजकुराचा ठसा) काढून बघा. तोच असेल तर पाठवूच नका.

आणि पुट करताना इफ-मॅच हेडरमध्ये तुम्हाला माहीत असलेला ईटॅग द्याच. मध्ये कोणी बदल केला असेल तर सर्व्हर ४१२ देऊन नाकारतो. ४१२ आला की लोक चिडून हेडर काढून टाकतात. तो नकार म्हणजे तुमचा चौकीदार आहे, त्याला हाकलू नका.

संत्र्याची_साल

मी कळमन्याकडे एका कोल्ड स्टोरेजचं काम बघते. आम्ही फक्त रजा कॅलेंडरवर टाकतो, तरी फजिती झालीच. ड्रायव्हरची रजा १२ ते १४. कॅलेंडरवर १२ आणि १३. चौदाला पहाटे पाचला त्याला फोन, गाडी लागली आहे, कुठे आहेस? तो रामटेकला बहिणीच्या पोराच्या बारशात. मालकासमोर तोही खरा आणि आम्हीही खरे.

नंतर कळलं की पूर्ण दिवसाच्या नोंदीत डीटीएंड (शेवटाची तारीख) हा दिवस धरायचाच नसतो. १४ पर्यंत रजा असेल तर तिथे १५ लिहायचं. ईआरपीत आपण शेवटचा दिवस लिहितो, आयसीएसमध्ये त्याच्या पुढचा. परत वाचताना एक वजा करायलाही विसरू नका, नाहीतर रजा दर फेरीला एकेक दिवस वाढते. (हे आमच्याकडे झालं नाही. पण ड्रायव्हर मंडळींची हरकत नव्हती.)

हिंगणा_रोड

@संत्र्याची_साल, धन्यवाद, हे मी नक्कीच चुकले असते.

अजून एक. काही भेटींच्या नावात मधेच चौकोन आणि प्रश्नचिन्हं येतात. इंग्रजी नावांना नाही, फक्त मराठीला. त्यातही लहान नावं ठीक, लांबच बिघडतात. ‘श्री’ने सुरू होणारं एक मंगल कार्यालय आहे वर्धमाननगरात, त्याचं ‘वर्धमा’ झाल्यावर पुढे भूत.

वऱ्हाडी_ठेचा

ओळ कोण मोडून रायलं? तू स्वतः?

हिंगणा_रोड

हो. लांब ओळ ७५ वर तोडून पुढच्या ओळीच्या सुरुवातीला एक स्पेस द्यायची असं वाचलं, तसं केलं.

वऱ्हाडी_ठेचा

तुया कोड ७५ बाइट मोजून तोडते, ताई, अक्षरं नाही! यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगवेगळं मोजायचं. तुयं ‘श्री’ दिसते एक, पण श, हलन्त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून बारा बाइट झाले. म्हणजे मराठीच्या ओळीत पंचवीसच चिन्हं मावतात. आणि त्यात विषयाचं लेबल इंग्रजीत पुढे असते, एकेका बाइटचं, म्हणून सुरी नेमकी एखाद्या अक्षराच्या पोटात बसते. अर्धं अक्षर या ओळीत, अर्धं त्या ओळीत. जे ॲप आधी ओळी जोडते आणि मग वाचते त्याले फरक पडत नाही. जे ओळ-ओळ वाचते त्याचं भूत होते.

हाताने आयसीएस लिहूच नको. आयकॅलेंडर लायब्ररीले दे, ते अक्षर सांभाळून तोडते. स्वल्पविराम, अर्धविरामाच्या आधी उलटी तिरकी रेघ लागते, तेही तेच बघते. पत्त्यात तर स्वल्पविरामच स्वल्पविराम.

सतत_अपडेट

पोळ्याची सुट्टी कशी टाकणार? दर वर्षी येणारी नोंद एकदाच करून ठेवता येईल का?

रामदासपेठकर

नाही येणार. पोळा श्रावण अमावास्येचा, तान्हा पोळा आणि मारबतीची मिरवणूक दुसऱ्या दिवशी. आररूलला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या नोंदीचा नियम) इंग्रजी महिने आणि वार कळतात, तिथी नाही. २०१५ मध्ये आरएफसी ७५२९ आलं, त्यात इतर कालगणनांची सोय आहे, पण त्यातलं भारतीय कॅलेंडर म्हणजे सरकारी शक संवत, सौर. पंचांगातली अमावास्या त्यात नाही. ईआरपीत दर वर्षी हॉलिडे लिस्ट भरताच ना, तीच वेगळं कॅलेंडर म्हणून पाठवा. मारबतीच्या दिवशी इतवारीत भेट ठेवली तर टेक्निशियन पोचणारच नाही, तेव्हा ती यादी भेटी ठरवणाऱ्यांनाही दिसू दे.

कामठीवाला

माझ्याकडे टेक्निशियनच्या फोनवर डॅव्हएक्स-फाइव्ह टाकलं होतं (एफ-ड्रॉइडवर फुकट आहे, प्ले स्टोअरवर पैसे पडतात). पहिले दोन दिवस मस्त, मग सिंकच बंद. स्वस्तातले फोन बॅटरी वाचवायला मागचं सगळं मारून टाकतात. प्रत्येक फोनमध्ये जाऊन बॅटरीचं बंधन काढावं लागलं. आणि कॅलडॅव्हमध्ये सर्व्हर स्वतःहून हाक मारत नाही, फोनच विचारतो, कमीत कमी पंधरा मिनिटांनी. तातडीच्या कॉलला फोनच लावा.

हिंगणा_रोड

तातडीला फोनच आहे. सुपरवायझरांचा आवाज कोणत्याही नोटिफिकेशनपेक्षा मोठा आहे.

नवीन दुखणं: भेट कॅन्सल करून अमेंड केली (दुरुस्त प्रत काढली) की फोनवर दोन दिसतात, जुनी आणि नवी.

जुना_खिळा

यूआयडी (आयसीएसमधली भेटीची ओळख) दस्तऐवजाच्या नावावरून बनवताय का? अमेंड केल्यावर फ्रॅपे नावापुढे -१ लावतं. नाव बदललं की यूआयडी बदलला, मग फोनच्या दृष्टीने ती वेगळीच भेट. यूआयडी पहिल्यांदा बनवून स्वतंत्र फील्डमध्ये ठेवा आणि पुढे जन्मभर तोच. त्या फील्डला ‘नो कॉपी’ची खूण करा. डुप्लिकेट केल्यावर तो उतरत नाही, अमेंड केल्यावर उतरतो. तुम्हाला नेमकं तेच हवंय. कॅन्सल झाल्यावर सर्व्हरवरची फाइल लगेच पुसू नका, तिला स्टेटस कॅन्सल्ड द्या. पुसली तर टेक्निशियनला वाटतं ॲप बिघडलं. रद्द दिसली तर तो निवांत दुसरीकडे जातो.

आणि परत घेण्याबद्दल माझं मत. कॅलडॅव्हमध्ये फोन एखादं फील्ड पाठवत नाही, अख्खी भेट पाठवतो. ‘टिपण तुमचं, तारीख आमची’ अशी वाटणी सर्व्हर करून देणार नाही. म्हणून प्रत्येकाला दोन कॅलेंडरं द्या. एक ‘भेटी’, त्यात फक्त ईआरपी लिहील, रॅडिकेलच्या राइट्स फाइलमध्ये टेक्निशियनला नुसतं वाचायचा हक्क. दुसरं ‘निरोप’, त्यात तो लिहील. पार्ट नाही आला, परवा रजा हवी, गिऱ्हाईक घरी नव्हतं, काहीही. ईआरपी ते वाचून सुपरवायझरपुढे ठेवेल. वाद संपला. तारखेचा मालक एकच.

हिंगणा_रोड

‘निरोप’ हे नाव सुपरवायझरांना फार आवडलं. दोन्हीकडच्या सिंकचा चारशे ओळींचा कोड काढून टाकते मग. वाईट वाटतंय, पण काढते.

सौ_सदर

एक विचारू? टेक्निशियन नोकरी सोडून गेला तर? त्याच्या फोनवर गिऱ्हाइकांचे नंबर राहणार.

जुना_खिळा

राहणार. सर्व्हरवरचं खातं बंद केलं की नवीन येणं थांबतं, उतरलेलं फोनवरच असतं. उपाय एकच, मुळात कमी पाठवा. विषयात भाग आणि कामाचा प्रकार, पत्ता, आणि भेट क्रमांक. मोबाइल नंबर आणि बिलाची थकबाकी ईआरपीतच. जुन्या भेटी महिन्याभराने सर्व्हरवरून काढा, फोनवरूनही जातील. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही आहेच डोक्यावर. आणि सर्व्हर बाहेरून उघडा करणार असाल तर टीएलएस (जोडणीचं कूटबंधन) लावल्याशिवाय नको, कॅलडॅव्हचा पासवर्डही ईआरपीचा नको, वेगळा.

हिंगणा_रोड

थकबाकी विषयातच लिहिली होती मी. 🙈 काढली.

तीन आठवड्यांनी लिहितेय. आधी चार जणांना दिलं, आता अकराही जणांच्या फोनवर आहे. झोनइन्फो लावल्यापासून अकराची भेट अकरालाच दिसते. साहेबांच्या आयफोनला वेगळं ॲप लागलं नाही, सेटिंगमधूनच जोडला. अकाउंट्सच्या आउटलुकला मात्र कॅलडॅव्ह येत नाही, त्यासाठी एक फुकट ॲड-इन टाकलं, तेही मुक्त-स्रोत आहे.

‘निरोप’मध्ये पहिल्या आठवड्यात सात नोंदी आल्या. पाच रजेच्या होत्या, एक ‘शिडी नाही’, आणि एक नुसतीच ‘ऊन’. ती नोंद सुपरवायझरांनी ईआरपीत ‘वाचले’ म्हणून बंद केली.

फळा अजून भिंतीवर आहे.

वऱ्हाडी_ठेचा

कोड टाक ना वं ताई इथं, मायाकडे बी एक कूलरवाला मागून रायला.

हिंगणा_रोड

रविवारी टाकते. आधी त्यातून पासवर्ड काढू दे.